दाजी, पावणेचार वर्षं आम्ही खर्च वाचवूनच बसलो होतो

पुण्याच्या दाजींनी काल रात्री परत तोच मेसेज टाकला. तिरंगा, जोडलेले हात आणि खाली ‘एक देश, एक निवडणूक! देशाचे हजारो कोटी वाचणार, दहा जणांना पाठवा.’ मी त्या वेळी हौदाचं झाकण उचलून, मोबाईलची बॅटरी मारून पाणी किती उरलंय ते बघत होतो. चौथा दिवस. वीतभर पाणी आणि तळाला गाळ. त्यात हातातला मोबाईल वाजला, तो हौदात पडता पडता वाचला. डोकंच सटकलं.

दाजींना उलट बोलता येत नाही, बहिणीचं घर आहे. म्हणून इथं ओकतो.

लोकसभा-विधानसभा एकत्र घेऊन निवडणुका कमी केल्या की पैसे वाचतात म्हणता ना? मग सोलापूरला या की ओ. हा प्रयोग आमच्यावर करून झालाय. महापालिकेचं मतदान झालं 21 फेब्रुवारी 2017 ला. 102 नगरसेवक निवडून आले, त्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतरचं मतदान थेट 15 जानेवारी 2026 ला, तेही ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गर्दीत. मधली पावणेचार वर्षं नुसता प्रशासक. पालिकेचं मतदान नाही, शाई नाही, कर्णे लावलेल्या रिक्षा नाहीत, कोणाच्या दारात पत्रकं नाहीत. खर्च शून्य! मग वाचलेला पैसा कुठंय? आमच्या गल्लीत तर आला नाही. आला असता तर पाण्यासारखा चार दिवसांआड तरी दिसला असता.

गल्लीत काय आलं ते सांगतो. एप्रिल 2024, ऊन मी म्हणतंय. आमच्या दारासमोरचं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं. झाकण आपोआप वर उचललेलं, बाजूनं काळं पाणी बुडबुडे काढत बाहेर. माझ्या पुढच्या खोलीत शिलाईच्या दोन मशिनी आहेत, शाळेचे युनिफॉर्म शिवतो. जूनच्या आधी हाच काय तो सीझन, आणि दार उघडलं की आत भपकारा. पांढऱ्या शर्टांचा गठ्ठा बाहेर काढायची सोय नाही. सगळ्यांनी मिळून शहाबादीचे तुकडे टाकले, एकेका तुकड्यावर पाय ठेवत जायचं. शेजारच्या अक्का विड्या द्यायला निघाल्या होत्या, त्यांचा तुकडा हलला. अक्का वाचल्या, विड्यांची टोपली गेली. अख्खा दिवस मान मोडून वळलेल्या विड्या त्या पाण्यात तरंगताना मी बघितल्यात. अक्का तेलुगूत काय बोलल्या ते सगळं कळलं नाही, पण कोणाला बोलल्या ते कळलं.

अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो. टेबलावरचे साहेब म्हणाले, “नगरसेवकाचं पत्र आणा.”

म्हटलं, “नगरसेवक कुठं आहेत ओ? दोन वर्षं झाली मुदत संपून.”

“मग माजीचं आणा.”

ऐकलंत दाजी? माजीचं! म्हणजे जो माणूस कायद्यानं आता कोणीच नाही, त्याचं पत्र आणल्याशिवाय मी, जो दरवर्षी कर भरतो, तोही कोणी नाही. गेलो माजींकडे. भला माणूस, चहा पाजला. म्हणाले, पत्र देतो, पण आता माझा फोन कोण उचलत नाही, निधीही नाही. पत्र घेऊन परत आलो तर साहेब म्हणतात, “आचारसंहिता लागलीय.” लोकसभेची आचारसंहिता आणि आमच्या गल्लीचं चेंबर! आचारसंहितेत नवीन घोषणा थांबतात, नवीन नारळ थांबतात. तुंबलेलं गटार उपसायला कोणी कधी बंदी घातली? पण त्या शब्दाचा वापर असा झालाय की आजारी पडलेल्या माणसालासुद्धा म्हणतील, थांब, आचारसंहिता आहे. अर्जाची पोच अजून माझ्या मशिनीच्या ड्रॉवरमध्ये आहे, बॉबिनींच्या खाली. शेवटी घरटी शंभर रुपये काढून खासगी माणूस आणला आणि चेंबर उपसून घेतलं. हाच तो वाचलेला खर्च.

बरं, निवडणूक का झाली नाही? ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभाग तीन नगरसेवकांचा की चारचा हा वाद, मग कोर्टात तारखेवर तारीख. प्रत्येकाकडे कारण होतं आणि प्रत्येकाचं कारण कायदेशीर होतं. शेवटी 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं खडसावलं, चार महिन्यांत घ्या म्हणून. चाराचे आठ झाले. गंमत म्हणजे नियम आधीपासून आहे. 1992 ची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती. कलम 243-यू. पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. घटनेत लिहिलंय! साध्या जीआरमध्ये नव्हे. घटनेत लिहिलेलं जिथं पावणेचार वर्षं गुंडाळून ठेवता येतं, तिथं घटनेत आणखी एक कलम घालून काय दिवे लावणार?

आता ते नवीन विधेयक. दाजींनी वाचलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. एकत्र निवडणुकांसाठी नेमलेल्या रामनाथ कोविंद समितीचा अहवालच 18,626 पानांचा, तो मीही वाचलेला नाही. एवढ्या पानांचा तागा उलगडायला आमची गल्ली पुरायची नाही. पण विधेयक फार मोठं नाही, ते बसून वाचलं. एकशे एकोणतिसावी घटनादुरुस्ती, 17 डिसेंबर 2024 ला लोकसभेत मांडली. मांडायलाच मतदान घ्यावं लागलं, बाजूनं 269, विरोधात 198. घटनादुरुस्तीला लागणारं दोन तृतीयांश अजून लांब आहे. विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलंय आणि त्या समितीला मुदतवाढीवर मुदतवाढ. यांचं सगळंच असं.

त्यात लोकसभा आणि विधानसभा एकत्र घ्यायचं म्हटलंय. महापालिका? नाही. जिल्हा परिषद? नाही. कोविंद समितीनं शिफारस केली होती की स्थानिक निवडणुका नंतर शंभर दिवसांत घ्याव्यात. पण त्याला निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती लागते, म्हणून विधेयकात तो भागच नाही. म्हणजे ज्या निवडणुकीवर माझं पाणी आणि माझं चेंबर अवलंबून आहे, ती या ‘एक’मध्ये बसतच नाही. आमची वेगळीच. मग एक देश कुठला आणि एक निवडणूक कुठली?

आणि त्यातलं 82-ए कलम बघा. मी ते तीनदा वाचलं. एखाद्या राज्याची निवडणूक लोकसभेबरोबर घेता येत नाही असं आयोगाला वाटलं, तर ती नंतर घ्यावी अशी शिफारस राष्ट्रपतींना करता येईल. नंतर म्हणजे किती नंतर? त्या कलमात लिहिलेलं नाही. तीन महिने? वर्ष? पावणेचार वर्षं? दिल्लीतल्या वकिलांना त्यात काय दिसतं ते दिसो, मला त्या ‘नंतर’मध्ये सोलापूर दिसतं. त्या शब्दात आम्ही राहून आलोय ओ.

खर्चाचंच बोलायचं तर आणखी एक. विधानसभा मध्येच पडली तर पुढची निवडणूक फक्त उरलेल्या मुदतीसाठी. समजा तीन वर्षांनी सरकार गडगडलं. निवडणूक घ्या, ती दोन वर्षांसाठी. दोन वर्षांनी परत घ्या. पाच वर्षांतली एक वाचवायला निघालो आणि दोन पदरात. महाराष्ट्रात 2019 नंतर जे काय बघितलं, त्यावर सरकार पडत नाही म्हणायची हिंमत कोणाची आहे? वर यंत्रांचं वेगळंच. एकाच वेळी दोन्ही मतदानं घ्यायची तर दर पंधरा वर्षांनी नवीन यंत्रांवर सुमारे 10,000 कोटी लागतील, हा अंदाज निवडणूक आयोगानंच दिलेला आहे.

आणि खरा पैसा कुठं जातो हे काय आम्हाला माहीत नाही? लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाखांची मर्यादा, विधानसभेला 40 लाखांची. पक्षाला मर्यादा? नाहीच. कितीही उधळा. त्यावर या विधेयकात चकार शब्द नाही. जेवणावळी, गाड्या, रात्रीची पाकिटं यांना हात लावायचा नाही आणि काटकसर करायची तर आमच्या मतात.

दाजींचं एक म्हणणं मात्र मान्य करतो. 2024 ला मे महिन्यात लोकसभा झाली, नोव्हेंबरात विधानसभा. माझी वहिनी शिक्षिका आहे, दोन्ही वेळेला ड्युटी. दुसऱ्या वेळी घसा बसलेला, तापात पेटी सांभाळत बसली. सहा महिन्यांत दोनदा तोच मंडप, तीच शाळा, तीच माणसं. त्या दोन एकत्र घेतल्या असत्या तर बरं झालं असतं, खोटं कशाला बोलू. पण त्या दोन निवडणुकांच्या मध्येच लाडक्या बहिणींचे 1500 रुपये सुरू झाले, हेही विसरू नका. विधानसभा समोर नसती तर बहीण एवढी लाडकी झाली असती का, हे दाजींनी माझ्या बहिणीला विचारावं.

आमच्याकडे साधा हिशोब आहे. मतदान जवळ आलं की डांबर येतं. गल्लीच्या तोंडाशी अजून नवा काळा पट्टा दिसतोय, जानेवारीच्या आधीचा, आमच्या दारापर्यंत न पोहोचलेला. पावणेचार वर्षांत खडा पडला नव्हता, आणि तारीख जाहीर व्हायच्या बेतात रात्रीतून रोलर आला. उद्या सगळं पाच वर्षांतून एकदाच ठेवलं तर डांबरही पाच वर्षांतून एकदाच. मत मागायला माणूस दारात उभा राहतो तेव्हाच त्याला शहाबादीच्या तुकड्यावर तोल सांभाळत उभं करता येतं. एरवी आम्ही त्याच्या दारात, आणि तिथं चहा मिळतो फक्त.

आता नवीन नगरसेवक आलेत. नंबर सेव्ह केलाय. परवा लावला, व्यस्त लागला. असो, बिचारे सत्कारात असतील.

सकाळी दाजींचा फोन आला, “काय, मेसेज बघितला का?” म्हटलं, “बघितला, दाजी.” “मग पुढं पाठवला का?” म्हटलं, “नंतर पाठवतो.”

चावीवाला सांगून गेलाय, आज रात्री अडीचला पाणी सुटणार. मोटरीची पिन सैल झालीय, ती आधी बघतो.