रंग पातळ करा म्हणे!

“मग आता थोडा घट्ट करून बघा, मॅडम.”

आज सकाळी एअरब्रशच्या, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या यंत्राच्या, दुकानदाराकडून फोनवर हे ऐकलं आणि तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. काल संध्याकाळी ह्याच माणसाने, ह्याच थंड आवाजात सांगितलं होतं की रंग पातळ करा. मी त्याला काय सांगत होते? एअरब्रशच्या रंगाच्या कपात बुडबुडे येतायत. रंग ओतला आणि खटका दाबला की चहाला उकळी फुटावी तसे बुडबुडे. ज्याने आयुष्यात एकदा तरी एअरब्रश खोलून पुसलाय त्याला एवढं ऐकूनच कळायला हवं की नोझलमध्ये, रंग बाहेर पडतो त्या टोकाच्या नळीत, खोट आहे, पुढून निघायची हवा मागे कपात शिरतेय. रंग पाण्यासारखा करा नाहीतर श्रीखंडासारखा, बुडबुडे येणारच. पण नाही. रंग पातळ करा.

आणि मी केला. चार दिवसांपूर्वी घेतलेली कोरी वस्तू, पावती अजून पर्समध्ये, विकणाऱ्याला आपल्यापेक्षा दोन गोष्टी जास्त कळत असतील असं वाटलं. चूक झाली.

समोर होतं मिग-२१ एफएल ह्या लढाऊ विमानाचं १/७२ मापाचं प्लास्टिक मॉडेल. १९७१च्या युद्धात ह्या विमानांच्या चंदेरी अंगावर घाईघाईने हिरवा रंग मारला होता, तेच रूप मला हवं होतं. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, त्या रात्री हा किट कपाटातून काढला. नुसता पृष्ठभाग तयार करायलाच कितीतरी रविवार गेले. सांधे घासायचे, मग काळा ग्लॉस, तो पूर्ण वाळल्यावर त्यावर धातूचा रंग, पातळ पातळ हातांनी. धुळीचा एक कण राहिला तरी धातूच्या रंगात तो उठून दिसतो, म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर. ह्या मापात मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे सात सेंटिमीटर. हिरव्याची कड पाच मिलिमीटर पसरली तर खऱ्या विमानावर ती फूटभराहून जास्त होते. म्हणून तर बारीक नोझल हवं असतं! हौस म्हणून नाही.

पातळ केलेला हिरवा रंग डाव्या पंखावर पडला आणि कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळाला. एक पाय थेट कॉकपिटपर्यंत गेला. टिश्यूने टिपायला गेले तर खालचा चंदेरी थरही सोबत निघाला आणि करवंटीसारखा काळा ठिपका उघडा पडला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी पाच मिनिटं नुसती बघत बसले.

मग मुलाचं टपाल तिकिटं बघायचं भिंग आणलं आणि नोझल काढलं. तांदळाच्या दाण्याएवढी पितळी वस्तू. टेबललॅम्पखाली चिमट्यात धरून फिरवली तर तोंडापाशी चीर. केसासारखी बारीक, पण स्पष्ट, तोंडापासून खाली आट्यांकडे गेलेली. चार दिवसांत मी तीनदा वापरलाय हा एअरब्रश. रंगाची धार कमीजास्त करणारी आतली सुई कधी जोरात आत ढकलली नाही, पाना लावला नाही. म्हणजे चीर दुकानातूनच आली.

हे सगळं मी आज सकाळी त्याला सांगितलं. चीर आहे म्हटलं, फोटो पाठवते म्हटलं, सुटं नोझल द्या, हवं तर पैसे घ्या म्हटलं. उत्तर आलं, घट्ट करून बघा. आणि नोझल? “सुटं येत नाही मॅडम, पूर्ण पीसच घ्यावा लागेल.”

पूर्ण पीस! स्कूटरचा प्लग गेला तर स्कूटर बदलायची?

मुळात त्या दुकानात शिरले तेव्हाच सूर कळला होता. अंबरनाथहून लोकलने दक्षिण मुंबईपर्यंत गेले, कारण ही वस्तू हातात घेऊन बघायची असते, खटका मागे ओढताना अडकतो का ते बोटाला कळतं. मी नीट सांगितलं, डबल अॅक्शन (खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग), वरून कप असलेला, ०.३ मिलिमीटरचं नोझल, स्केल मॉडेलसाठी. पलीकडून प्रश्न आला, “केकसाठी का नेल आर्टसाठी?” मॉडेल शब्द पुन्हा उच्चारला. “मग मुलाच्या प्रोजेक्टसाठी असेल.” नाही हो, माझ्यासाठी, मी करते. तेव्हा म्हणतो, “मिस्टरांना एकदा विचारून घ्या कुठला हवा ते.” माझ्या मिस्टरांना विचारलं तर ते प्रामाणिकपणे सांगतील की त्यांना ह्यातलं काही कळत नाही. पंधरा वर्षं मी मॉडेलं करतेय. केक करणाऱ्या, नखं रंगवणाऱ्या बायकाही कौशल्याचंच काम करतात, त्यांनाही चिरलेलं नोझल नकोच असणार. पण एकालाही विचारायचं नाही की काय रंगवणार, कुठला रंग वापरणार, हवा देणारा कंप्रेसर कुठला आहे. खोकं पुढे सरकवायचं. “सगळे सारखेच असतात.”

सारखे नसतात. ०.२ने बारीक रेघ निघते पण प्राइमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, भरला की ते तुंबतं. ०.५ प्राइमरला आणि वार्निशला उत्तम, पण त्याने १/७२वर नक्षी काढता येत नाही. बहुतेकांचं बहुतेक काम ०.३मध्ये होतं. हे तीन वाक्यांत सांगता येतं, मी आत्ता सांगितलं. विकणाऱ्याला का येत नाही?

ह्याच्या आधीचा एअरब्रशही असाच गेला. त्याच्या खोक्यात एक चिमुकला पाना दिलेला होता, नोझल आवळायला. त्याच पान्याने, अगदी अंदाजाने, पाव फेरा दिला आणि नोझल आट्यांपाशी तुटलं, अर्धं बाहेर, अर्धं आतच अडकलेलं. असा पाना देता कशाला मग? तेव्हाही हेच उत्तर, सुटं येत नाही. त्याच्या आधीच्याच्या खोक्यावर ‘सर्व प्रकारच्या रंगांसाठी’ असं छापलं होतं, आणि आतले वायसर साध्या रबराचे. लॅकर थिनर लागला, वायसर फुगले, सुई चिकटून बसली. टेफ्लॉनचे वायसर घालायला असा किती खर्च येतो?

आणि ते सोबत मिळणारे बॅटरीचे डबडे कंप्रेसर. टाकी नाही, त्यामुळे हवा धडधडत येते आणि रेघ थरथरते. पंधरा-वीस पीएसआय दाबाची हवा सलग द्या, एवढीच मागणी आहे आमची. तीन लिटरची टाकी आणि हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप असलेला कंप्रेसर मी वेगळे पैसे साठवून घेतला, तेव्हा सुटले. आमच्याकडे जुलैत हवेतच पाणी असतं. ट्रॅप नसेल तर रंगातून थेंब उडतो आणि बरोबर कॉकपिटच्या काचेवर बसतो. हे त्या जाहिरातींत कोण सांगतं? पाइपच्या आट्यांचं तर विचारूच नका. बहुतेकांना १/८ बीएसपी मापाचे आटे लागतात, पण बॅजर किंवा पाशे कंपनीचा एअरब्रश घेतलात तर आटे वेगळे, मग अॅडाप्टर शोधत फिरा.

ऑनलाइन घ्या म्हणतात. घेतला होता एकदा. पाच-पाच तारे देणाऱ्यांनी नुसतं खोकं उघडून फोटो टाकलेले. “पॅकिंग छान आहे.” पॅकिंगने रंगवू का? एकाने तरी लिहावं की महिनाभर वापरला, सुई वाकली, दुसरी अमुक ठिकाणी मिळाली. आणि परत करायला मुदत सात दिवसांची. सात दिवसांत प्राइमरसुद्धा धड वाळू देत नाही मी.

चांगले एअरब्रश आहेत, मला माहीत आहे. इवाताच्या एक्लिप्सचं नोझल आट्यांशिवाय नुसतं जागेवर बसतं, हार्डर अँड स्टीनबेकच्या इव्होल्यूशनचंही तसंच, पान्याची गरजच नाही. ओळखीच्या एका काकांचा एक्लिप्स मी वापरून पाहिलाय, खटका लोण्यासारखा चालतो. पण तेवढे पैसे एकदम काढणं प्रत्येकाला जमत नाही, आणि स्वस्त घेणाऱ्याने म्हणून चिरलेलं नोझल गुमान घ्यायचं, असं कुठे लिहिलंय? कोणी मला विचारलं की कुठला एअरब्रश घेऊ, तर मी आता नाव सांगतच नाही. दुकानात जा आणि पहिला प्रश्न हा विचारा, ह्याचं सुटं नोझल आणि सुटी सुई आत्ता तुमच्याकडे आहे का, दाखवा. ‘मागवून देऊ’ म्हणाला तर पायऱ्या उतरा. नोझल आज ना उद्या जाणारच, सगळ्यांचं जातं. ते देता येत नसेल तर एअरब्रश विकूच नये.

मिगचा डावा पंख पुन्हा प्लास्टिकपर्यंत उतरवावा लागेल. उजवा शाबूत आहे, पण धातूची छटा दोन वेळा तंतोतंत सारखी येत नाही, त्यामुळे तोही उतरवावा लागेल.

दुकान उद्या अकराला उघडतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. नोझल काडेपेटीत कापसावर ठेवलंय, त्यासोबत भिंग, पावती, आणि फडक्यात गुंडाळलेलं मिग. भिंग त्याच्या हातात देणार आहे आणि त्याला ती चीर स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावणार आहे. नवं नोझल काउंटरवर आल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. मिस्टर बरोबर नसतील.