रोज थोडं पाणी बदललं तर ते वाया जात नाही, हिशोब करून बघा

रीफ टँकवाल्यांमध्ये, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्यांमध्ये, एक मेसेज लय फिरतोय आणि आपल्या सोलापुरातल्या पोरांनीपण तो खरा धरलाय. म्हणे रोज थोडं थोडं पाणी बदलण्यात अर्थ नाही, आज टाकलेलं नवं पाणीच उद्या परत निघतं, मीठ वाया जातं, खारटपणा बिघडतो, त्यापेक्षा महिन्यातून एकदा 30 टक्के बदला आणि मोकळे व्हा. नवीन माणूस हे वाचून तसंच करतो आणि मग कोरल मिटून बसतात, म्हणून लिहितोय.

नवं पाणीच परत निघतं म्हणता, तर किती निघतं ते बघू की. 200 लिटरचा टँक धरा, रोज 2 लिटर म्हणजे 1 टक्का. 30 दिवसांनी जुनं पाणी साधारण 74 टक्के उरतं, म्हणजे 26 टक्के बदललं. एकदम 60 लिटर काढले तर 30 टक्के. मीठ दोन्हीकडं 60 लिटरचंच, लिटरला 35 ग्रॅम धरलं तर दोन किलोच्या वर थोडं. फरक 4 टक्क्यांचा, त्याला वाया जाणं म्हणत नाहीत.

आता मेसेजमध्ये ज्याचा शब्द नाही ते, म्हणजे झटका. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 42 च्या पुढं जातो, खोलीतल्या टबात मिसळून ठेवलेलं पाणी 36 अंशांवर गेलं आणि टँक चिलरवर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) 26 ला असला, तर 60 लिटर ओतल्यावर टँक एका झटक्यात 29 वर. 2 लिटर ओतले तर फरक 0.1 चा. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएचमध्ये मोजतात, तिचंपण तेच, बऱ्याच मिठांचं पाणी 11-12 डीकेएचचं होतं, टँक 8 वर असला आणि मिक्स 12 चं असलं की मोठ्या बदलात थेट 9.2, कोरलला हे अजिबात चालत नाही. शिवाय एवढं पाणी उपसलं की वरचे कोरल तेवढा वेळ उघडे पडतात ते वेगळंच.

आणि पाणी आणायचं कुठनं? नळाला काही दिवसांआड पाणी, आरओ 60 लिटर देईपर्यंत त्याच्या दुप्पट-तिप्पट बाहेर सोडतं, घरची टाकी एका दिवसात रिकामी. थोडं थोडं काढलं की ते सोडलेलं पाणी धुण्या-पुसायला तरी वापरता येतं.

मोठ्या बदलानं नायट्रेट (खाणं आणि घाणीतनं पाण्यात साठत जाणारा घटक) खाली येतात म्हणतात. येतात, पण त्या दिवसापुरते. खाण्यातनं रोज 0.5 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) भर पडत असली आणि दुसरं काही काढत नसलं, तर महिन्याला 30 टक्केवाला टँक शेवटी 35 ते 50 मध्ये झुलत राहतो, रोज 1 टक्केवाला 50 च्या आसपास थांबतो. दोन्ही जास्तच ना! स्किमर (फेसातनं घाण काढणारं यंत्र) नीट चालवा, खाणं कमी करा, पाणी बदलणं हा त्याचा इलाज नाही, हे थोड्या बदलाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीपण मान्य करावं. कोरल वाढायला लागले की अल्कलिनिटी आणि कॅल्शियमपण या 2 लिटरमधनं पुरत नाही, डोसिंग, म्हणजे ते वेगळं मोजून टाकणं, करावंच लागतं.

एक मात्र खरं, टँकमध्ये काही विषारी पडलं, औषध जास्त झालं, कोरल सडून पाणी दुधाळ झालं, तर थेंबथेंब करत बसू नका, मोठाच बदल करा, तापमान आणि खारटपणा जुळवून.

राहिला खारटपणा. 2 लिटर काढून तेवढ्याच खारट पाण्याचे 2 लिटर टाकले तर तो बिघडणार कसा? बिघडतो तो पाणी काढताना ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारा पंप) चालू राहिल्यामुळं, संपमधली (टँकला जोडलेली खालची टाकी) लेव्हल उतरली की ते गोडं पाणी भरून टाकतं आणि त्यावर तुम्ही खारं ओतता. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडंच टाकायचं, कारण मीठ उडत नाही, पण बदलताना टॉप-अपचा प्लग काढा, मग पाणी काढा. मीठपण रोज चमच्यानं मोजू नका, पिशवीत ते सारखं मिसळलेलं नसतं, 20 लिटर एकदम करा, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) 1.025 बघा, झाकण घट्ट लावा आणि दहा दिवस तेच वापरा.