चहूबाजूंना पाणी असलं म्हणून बोटीतली आग विझत नाही

पर्यटनाचा हंगाम आला की किनाऱ्यावर हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आता तो व्हॉट्सॲपवरही फिरतो. छोट्या बोटीला आगीचं कसलं भय? चहूबाजूंना पाणीच आहे, बादलीभर ओतलं की झालं. बोट एवढीशी, आग लगेच दिसते. नाहीच आटोपली तर उडी मारायची. आग विझवायचा सिलिंडर म्हणे तपासणीला दाखवण्यापुरता.

पाण्याचंच आधी बघू. दोर, गादी, ताडपत्री पेटली तर बादली खरंच कामाची आहे; तिला दोरी बांधून ती हाताशी ठेवावीच. पण मोटरबोटीत पेटतं ते बहुधा पेट्रोल, नाहीतर वायरिंग. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. त्यावर बादली ओतली की ते तरंगत, जळत, बोटीच्या तळातून पुढे बसलेल्या मंडळींच्या पायांशी जातं. वायरिंग पेटलं असेल तर आधी बॅटरीचं कनेक्शन तोडायला हवं. खाऱ्या पाण्यातून वीज चांगलीच वाहते. फायबरच्या बोटीतले काचेचे धागे जळत नाहीत, पण त्यांना धरून ठेवणारं रेझिन जळतं आणि काळाकुट्ट धूर सोडतं. घराला आग लागली तर माणूस दार उघडून रस्त्यावर येतो. इथे ते भोवतालचं पाणीच त्याला पळू देत नाही.

आता खरी गोम. बोटीत विडी-सिगारेट ओढली नाही म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. डिझेल पेटायला ते पन्नासेक अंशांच्या वर तापावं लागतं; पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेते. हवेत दीड टक्का वाफ असली की एक ठिणगी पुरे. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती उडून न जाता तळाशी साठते. जेटीवर उभं राहून बघा: पर्यटक बोटीत बसलेले, इंजिन नुकतंच बंद झालेलं, आणि खलाशी पाण्याची बाटली कापून केलेल्या नरसाळ्यातून कॅनमधलं पेट्रोल ओततोय. सांडलेलं फडक्याने पुसतो आणि फडकं तिथेच सीटखाली कोंबतो. पुढची ठिणगी स्टार्टरची. माणसं उतरवून, सुटी टाकी जेटीवर काढून भरायला असा किती वेळ लागतो? इंजिन आत बसवलेलं असेल तर पेट्रोल भरल्यावर झाकण उघडायचं, वाफ बाहेर फेकणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, निदान चार मिनिटं चालवायचा, मग वाकून वास घ्यायचा. पेट्रोलची रबरी नळीही वाकवून बघा. तडे दिसले तर ती बदलायला झालीच.

सिलिंडर आहे, मान्य. पण कुठे? नांगराच्या दोरखंडाखाली, नाहीतर इंजिनाला खेटून, म्हणजे जाळातूनच हात घालायचा! एक-दोन किलोचा पावडरचा सिलिंडर साधारण दहा-बारा सेकंदांत संपतो. तेवढ्यात ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडाशी मारा करावा लागतो. तो बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या हाताशी हवा, काटा हिरव्यात हवा. आग मागच्या इंजिनाला असेल तर वेग आहे तोवर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवायची, मग इंजिन आणि पेट्रोल बंद. आतल्या इंजिनाचं झाकण धाडकन उघडलंत तर आगीला हवाच मिळते.

‘लगेच दिसते’ हेही खरं नाही. 2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ ही 75 फुटी डायव्हिंग बोट पहाटे पेटली. खाली झोपलेले 34 जण गेले. रात्री जागा पहारेकरी नव्हता आणि खालून वर यायच्या दोन्ही वाटा एकाच खोलीत निघत होत्या.

उडी मारायचीच तर वारा जिकडून येतो त्या बाजूने मारा, कारण पेटती बोट वाऱ्याबरोबर सरकत जाते. लाइफ जॅकेट मात्र निघतानाच अंगात हवं. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईत गेटवेवरून निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यानंतर तिथल्या फेऱ्यांवर जॅकेटची सक्ती झाली. ती आग नव्हती, पण जॅकेट शोधायला वेळ आगीतही मिळत नाही.

मोबाइलवरून तटरक्षक दलाचा 1554 लागतो, रेंज असेल तोवर. पुढे बोटीतल्या व्हीएचएफ रेडिओचं 16 नंबरचं चॅनल. तेही नसेल तर निघण्याआधी किती माणसं, कुठे चाललोय आणि किती वाजता परत, हे जेटीवर कुणाला तरी सांगून ठेवा.