गाडीचा हप्ता अण्णांचा, पार्किंग गल्लीचं

सांगलीत गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटांच्या वस्तीत, राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३. बोलेरो पिकअपची लांबी १७ फुटांच्या आसपास. म्हणजे दारात एक पिकअप उभी राहिली की घराची अर्धी पुढची बाजू झाकली. आमच्या शेजाऱ्यांकडं अशा तीन पिकअप आणि एक छोटा हत्ती आहे. गल्ली २० फुटी, तीही कागदावर. दोन्हीकडची गटारं, पायऱ्या, कुणाचा बाहेरून काढलेला जिना, कुणाचं तुळशीवृंदावन हे सगळं वजा करून किती उरतं ते ज्यानं त्यानं टेप लावून बघावं.

शेजारी म्हणजे अण्णा. ठिबक सिंचनाचं काम करतात. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, तिकडच्या द्राक्षबागांत लॅटरल, म्हणजे ओळीनं अंथरायच्या ठिबकच्या नळ्या, टाकायच्या, फिल्टर बसवायचे, पीव्हीसीची मेन लाइन जोडायची. बजाजच्या एम-एटीवर नळीची वेटोळी बांधून फिरणारा हा माणूस आता हाताखालच्या दहा-बारा पोरांची घरं चालवतो. गल्लीत याचं सगळ्यांना कौतुक आहे आणि मलाही आहे. कौतुक संपतं पहाटे पाचला. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर कामाचा रेटा असतो, तेव्हा एकामागून एक चारी गाड्या सुरू होतात, डिझेलचा धूर खिडकीतून आत येतो, आणि रिव्हर्सची ती ट्यँव ट्यँव सुरू झाली की आमच्या घरातलं दोन वर्षांचं पोर उठून बसतं. त्यानंतर ते कुणालाच झोपू देत नाही.

आवाजाचं एकवेळ सोडून देऊ. पीव्हीसी पाइप येतो २० फुटी आणि गाडी १७ फुटी. पाइप केबिनवरून तिरका टाकला तरी मागं फाळक्याबाहेर टोक निघतंच. रात्री माल भरून ठेवतात, म्हणजे सकाळी लवकर निघता येतं. सकाळी सायकलवर क्लासला जाणाऱ्या पोरांच्या डोळ्याच्या उंचीला ते टोक असतं. लाल फडकं बांधा म्हणून सांगितलं की ड्रायव्हर म्हणतो, "गाडी हुबीच हाय की सर, चालत्या गाडीला बांधायचं असतंय फडकं." आता या युक्तिवादाला काय उत्तर द्यायचं?

आणि खरं भ्या आहे ते वेगळंच. गाडीची रुंदी धरा सहा फूट. समोर कुणाची तरी कार, तीही तेवढीच. २० मधून १२ गेले, उरले आठ, आणि त्या आठातसुद्धा गटाराची फरशी. अग्निशमनची गाडीच आठ फुटांच्या आसपास रुंद असते. १०८ ची रुग्णवाहिका कशीबशी आत येईल, पण वळणार कुठं? आमच्या गल्लीत सत्तरी ओलांडलेली माणसं बरीच आहेत. त्यांच्यापैकी कुणाला रात्री दोनला छातीत दुखलं तर आधी अण्णांच्या ड्रायव्हरला फोन करायचा का?

हे सगळं गल्लीतल्या प्रत्येकाला कळतं, तरी अण्णांसमोर कुणी बोलत नाही. कारण २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागात माझी आत्या राहते. पाणी पायरीला लागायच्या आत तिचा फ्रीज, ज्वारीची पोती, गाद्या आणि ती स्वतः, सगळं अण्णांच्या पिकअपमधून आमच्याकडं आलं. डिझेलचे पैसे विचारले तर अण्णा चिडले. गल्लीतल्या निम्म्या घरांचे पाहुणे त्या आठवड्यात त्यांच्याच गाड्यांतून बाहेर निघाले. २०२१ च्या जुलैत परत तेच. अशा माणसाला "तुमच्या गाडीनं आमचं गेट अडतं" असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

माझं म्हणणं असं की म्हणायचं, आणि त्याच तोंडानं म्हणायचं. पुरातली मदत ही माणसानं माणसाला केलेली मदत होती. आपण तिचं वर्षानुवर्षं भाडं फेडत बसलोय असं अण्णांनाही वाटत नसेल. आपणच ते मनातल्या मनात ठरवून टाकलंय आणि वर आतल्या आत कुढतोय. गाडी घेताना अण्णांनी हप्ता मोजला, विमा मोजला, डिझेल मोजलं, ड्रायव्हरचा पगार मोजला. रात्री गाडी उभी करायची जागा तेवढी मोजली नाही, कारण ती फुकट आहे असं धरलं. ती फुकट नाही. तिचे पैसे समोरच्या वहिनी देतात, ज्यांना स्कूटी काढायला रोज सकाळी दोन माणसं बोलवावी लागतात. कोपऱ्यावरचे काका देतात, ज्यांच्या दारात घंटागाडी येतच नाही आणि ते कचऱ्याची बादली घेऊन चौकापर्यंत चालत जातात. धंद्याचा खर्च धंद्यानंच उचलायचा असतो, एवढं साधं आहे हे.

कायद्याचं म्हणाल तर गल्लीच्या ग्रुपवर एकानं कलमांचा पाऊस पाडला होता, म्हणून मीही वाचून घेतलं. रस्ता सार्वजनिक आहे. माझ्या घरासमोरची जागा माझी नाही आणि अण्णांच्या घरासमोरची अण्णांची नाही. नंबरप्लेट पिवळी आहे एवढ्यावरून गाडी बेकायदा ठरत नाही. पण गेटसमोर लावायची नाही, लावलेल्या गाडीला समांतर दुसरी लावायची नाही, फुटपाथवर चढवायची नाही, हे २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस सोडलेली गाडी उचलायला गणवेशातला पोलीस अधिकारी सांगू शकतो. राज्यात सुधारित दंड लागू झाल्यापासून चुकीच्या पार्किंगला पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा केलं तर १५०० रुपये. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम २८५ मध्ये, रस्त्यात अडथळा केल्याबद्दल ५००० पर्यंत दंड आहे. महाट्रॅफिक ॲपवर फोटो टाकून तक्रारही करता येते.

हे सगळं आहे आणि एखाद्या मुजोर माणसाशी गाठ असेल तर वापरावंच. पण शेजाऱ्याच्या बाबतीत मी ते शेवटी ठेवीन. ५०० ची पावती ड्रायव्हरच्या पगारातून जाईल, गाडी दुसऱ्या दिवशी त्याच जागी असेल आणि मधल्या मधे गणपतीच्या वर्गणीपासून पाण्याच्या मोटरीपर्यंत प्रत्येक गोष्टीत गल्लीची दोन टोळकी होतील. आमच्या मागच्या गल्लीत हे घडलंय. तिथं आता पार्किंगवरून सुरू झालेलं भांडण बांधाच्या भांडणासारखं पुढच्या पिढीकडं गेलंय, आणि ज्या गाडीवरून सुरू झालं ती केव्हाच भंगारात गेली.

त्याहून वाईट म्हणजे गुपचूप केलेले उद्योग. रात्रीत टायरची हवा जाते. दाराला खिळ्यानं रेघ उठते. कोण करतं ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं. दुसरा प्रकार कुंड्यांचा. आपल्या घरासमोर गाडी लागू नये म्हणून रस्त्यावर कुंड्या मांडायच्या, रंग दिलेले दगड ठेवायचे, फुटका ड्रम उभा करायचा. अण्णांनी निदान गाडी लावली, ती पहाटे पाचला निघून तरी जाते. कुंडी २४ तास तिथंच. सार्वजनिक रस्ता दोघांनीही दाबला, पण ग्रुपवर सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा कुंडीवालाच.

आणि पोर्चचं काय? गल्लीतल्या कितीतरी घरांत गाडीसाठी सोडलेल्या जागेत आता भाड्याची खोली आहे, ब्युटी पार्लर आहे, झेरॉक्सचं दुकान आहे. गाडी आली रस्त्यावर. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये सुधारणा होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट मिळाली. घरं नियमित झाली, रस्ता होता तेवढाच राहिला. २०२५ मध्ये परिवहन मंत्री सरनाईक म्हणाले की मुंबईत पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करू नये. आमच्याकडं हा नियम आलाच तर पहिल्या आठवड्यात पार्लरच्या जागेवर "पार्किंग" असा दाखला निघेल, ही मला खात्री आहे. तरीही चार गाड्यांच्या धंद्याला आणि एका घरच्या कारला एकच माप लावू नका. कारवाल्याला सांगता येईल की एक दिवस या बाजूला लाव, एक दिवस त्या बाजूला. बाजारपेठेत सम-विषम तारखेचं चालतं, गल्लीत आपसात ठरवून का चालू नये? चार मालवाहू गाड्यांना ते पुरत नाही. त्यांना जागाच लागते.

म्हणून माझं पहिलं सांगणं, ड्रायव्हरशी वाद घालू नका. तो बिचारा लांबच्या वाडीवरून येतो, रात्री नऊला गाडी लावून शेवटची एसटी पकडतो. मालक सांगेल तिथं तो लावणार. बोलायचं मालकाशी, आणि ग्रुपवर नाही, त्याच्या घरी जाऊन. ग्रुपवर लिहिलं की समोरच्याला सगळ्या गल्लीदेखत उत्तर द्यावं लागतं, मग तो माघार घेत नाही. घरी चहा पिताना "बघतो" म्हणायला काही जात नाही.

दुसरं, जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, जागा शोधून जा. गुंठेवारीत रिकाम्या प्लॉटांना तोटा नाही. मालक पुण्यात नोकरीला, प्लॉटवर वेडी बाभूळ, कडेला गल्लीचा कचरा. अशा मालकाला कुणी फोन करून सांगितलं की जागा साफ करतो, तारेचं कुंपण घालतो, महिन्याला काहीतरी देतो, तर तो नाही म्हणत नाही. उलट आपल्या जागेवर कुणाचं तरी लक्ष आहे म्हणून खूश होतो. फक्त अकरा महिन्यांचा करार लिहून घ्यायचा, म्हणजे पुढं कुणाच्या मनात पाप यायला नको. लग्नाची तिथी नसते तेव्हा मंगल कार्यालयाचं पटांगणही रिकामंच असतं, काही पेट्रोल पंपवाले रात्रीपुरती जागा देतात. पण चालत पाच मिनिटांवरचा प्लॉट सगळ्यात बरा. नाहीतर पोरं दोन दिवस नेतील आणि तिसऱ्या दिवशी परत गल्लीत.

आम्ही दोघंतिघं असंच अण्णांकडं गेलो. त्यांची पहिली अडचण खरी होती: गाडीत माल असतो, लॅटरलची बंडलं आणि फिल्टर चोरीला गेले तर? दारात असल्या की लक्ष राहतं. दुसरी आमच्या काळ्या मातीची. दोन पाऊस झाले की त्या प्लॉटवर भरलेली पिकअप रुततेच. म्हणजे मुरूम टाकावा लागणार, तोही दोन-चार ब्रास, आणि एक दिवा आणि कॅमेरा. अण्णा म्हणाले, "सर, तुम्ही म्हणताय ते पटतंय, पर ह्यो खर्च बघा की." मग बोलता बोलता ठरलं ते असं. एक पिकअप आणि छोटा हत्ती त्यांच्या स्वतःच्या दारात, गेट सोडून आणि रिकामे. भरलेल्या दोन गाड्या प्लॉटवर. पाइप गाडीत रात्री भरून ठेवायचा नाही, किंवा ठेवला तर ती गाडी प्लॉटवर. पहाटे गाडी गल्लीबाहेर काढूनच गरम करायची.

हे ग्रुपवर सांगितल्यावर एक प्रेमळ सूचना आली की मुरमासाठी गल्लीनं वर्गणी काढू, अण्णांनी पुरात एवढं केलं, आपणही हातभार लावू. चार अंगठे लगेच पडले. मी विरोध केला आणि थोडा वाईट झालो. अण्णांना उद्या दवाखान्याला पैसे लागले तर मी सगळ्यात आधी देईन. पण त्यांच्या गाड्यांच्या मुरमाला गल्लीनं पैसे दिले की जागा परत गल्लीची, धंदा अण्णांचा. वर्षभरानं पाचवी गाडी आली की परत वर्गणी. आधी जागा फुकट वापरली, आता जागेचा खर्चही आपणच द्यायचा?

संध्याकाळी अण्णांना हेच तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "वर्गणी मागितलीच कुणी? मला कुणी इचारलं बी न्हाई." आणि माझ्यासमोरच ट्रॉलीवाल्याला फोन लावून मुरमाचा भाव विचारायला लागले. भाव जास्त सांगितला म्हणून दोघांची घासाघीस सुरू झाली, मी घरी आलो.