डेंगळ्यांचा उद्धार

परवा शेजारच्या आबांनी आमच्या परसातील पांढऱ्या गावरान कांद्याचे सगळे डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, मोडून टाकले आणि वर मलाच त्यांना चहा पाजावा लागला.

आबांनी उभे आयुष्य बाजारासाठी कांदा पिकवला असल्यामुळे डेंगळा म्हणजे पिकाला लागलेला कलंक, अशी त्यांची ठाम धारणा आहे. विक्रीच्या मालापुरती ती खरीही आहे, कारण डेंगळलेल्या कांद्याच्या मधोमध टणक दांडा राहतो आणि असा कांदा कांदाचाळीत टिकत नाही. माझे कांदे मात्र साक्रीच्या मावशींकडून आलेल्या बियाण्याचे निवडक गोट, म्हणजे बी धरण्यासाठी पुन्हा लावलेले कांदे, होते. पहिल्या हंगामात गड्डा धरणारा कांदा सहसा पुन्हा लावल्यावर डेंगळा काढतो, आणि त्याच्याच फुलांच्या गोंड्यात उळे, म्हणजे कांद्याचे बी, भरते.

“भाऊ, तुना कांदा डेंगळी ग्यात, मी मोडी टाकात,” असे आबांनी, हरवलेले पोर घरी आणून सोडणाऱ्याच्या चेहऱ्याने सांगितले. गोंड्यांवर घातलेली मच्छरदाणीही त्यांनी काढून, नीट घडी करून ओट्यावर ठेवली होती. “कांदासले मच्छर चावतस का?” हा त्यांचा प्रश्न होता.

आसपासच्या मळ्यांतील लाल कांद्याचा पराग मधमाशा आणतात, एक किलोमीटरच्या आत दुसरी जात फुललेली असू नये, म्हणून मी जाळी लावून रोज सकाळी ब्रशने गोंडे चोळतो आणि फुले एकदम उमलत नसल्याने ते पुन्हा पुन्हा चोळावे लागतात, हे सर्व मी सांगितले. आबांनी बशीत चहा ओतला. “बी ते दुकानमा मियस ना!”

दुकानात बसवंत ७८० मिळतो, एन २-४-१ मिळतो, या सुधारित जाती; चकचकीत डब्यांतील संकरित कांदाही मिळतो. मावशींचा मिळत नाही. घरात साधेच ठेवलेले कांद्याचे बी वर्षभरात उगवण्याची बहुतेक ताकद गमावते, त्यामुळे गतवर्षीच्या उरलेल्या चिमूटभर उळ्याचा भरवसा नाही. मावशींनीही आता गोट लावणे सोडले आहे. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली जात एका शेजारधर्मात संपू शकते आणि त्याची तक्रार कुठेही नोंदवून घेत नाहीत.

आबा उठताना म्हणाले, “पुढला साले माले बी थोडं उळं देजो. दुकानना कांदाले चव नही.”