खापर मोर्सवर कशाला?

‘मोर्सची अट गेली आणि हॅमचा दर्जा घसरला’ हे हॅमवरच्या, म्हणजे हौशी रेडिओवरच्या, लेखातलं वाक्य पटलं नाही. परवान्यासाठी मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची संकेतभाषा, यायलाच हवी ही ती अट. 2003 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत ती आंतरराष्ट्रीय सक्ती उठली, 2007 मध्ये अमेरिकेनेही ती पूर्ण काढली. तरी कमी फ्रिक्वेन्सीच्या बँडवर मोर्सचं डिट-डाह आजही ऐकू येतंच की! ज्याला गोडी लागते तो शिकतो.

मी मोर्स नसलेल्या रिस्ट्रिक्टेड ग्रेड परवान्याचा, म्हणजे व्हीयू३ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनवाला (कॉलसाइन म्हणजे हवेवरचं ओळखनाव). पहिल्यांदा रिपीटरवर (संदेश पुढे दूरवर पोचवणाऱ्या केंद्रावर) घाबरत घाबरत कॉलसाइन सांगितला, तर पलीकडून एक ज्येष्ठ म्हणाले, “अच्छा, व्हीयू३ का.” पुढे शांतता. महिनाभर मी माइकला हात लावला नाही. मग दुसऱ्याच एका काकांनी घरी बोलावलं, घरगुती वायरिंगची वीसेक मीटर तार कापून गच्चीवर 40 मीटर बँडचा डायपोल, म्हणजे दोन हातांचा तारेचा अँटेना, बांधून घेतला, टोकं थोडी थोडी छाटत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ऊर्जा परत फिरते त्याचं माप) कसा खाली आणायचा ते दाखवलं. (चहा काकूंनी तीनदा केला.) परीक्षेच्या पुस्तकातून हे हाताला आलं नसतं. मोर्सही मी नंतर त्यांच्याकडेच शिकलो, कुणी अट न घालता. अजून मिनिटाला पाच शब्दांच्या वर वेग जात नाही, ते सोडा.