'टपरीछाप ज्ञान' म्हणणाऱ्या साहेबांना उत्तर

मागच्या आठवड्यात विंडोज ७ ची जुनी मशीनं अपडेट कशी करायची अन् सिस्टम फाईली बिघडल्या तर काय करायचं यावर पोस्ट टाकली होती. परवा रात्री पावणेबाराला तिच्याखाली एक प्रतिक्रिया आली. नाव नाही, सही म्हणून फक्त 'एक सिस्टम अ‍ॅडमिन, मूळ नाशिक, सध्या हिंजवडी'. सगळ्यांनी वर जाऊन वाचायची गरज नाही, थोडक्यात सांगतो. पहिलं, मी विंडोज एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून दुरुस्त्या येणं, २०१५ ला संपला असं लिहिलं ते चूक आहे. दुसरं, "आधी डिझम अन् मग एसएफसी ही साधी पायरी उलटी सांगणं म्हणजे टपरीछाप ज्ञान." डिझम अन् एसएफसी म्हणजे बिघडलेली विंडोज दुरुस्त करायच्या दोन आज्ञा, त्यांच्याबद्दल पुढे बोलतो. तिसरं, सपोर्ट बंद झालेल्या सिस्टीमवर लोकांना टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, अन् नेटबँकिंग चालू ठेवायला सांगतोय, उद्या कुणाचे पैसे गेले तर जबाबदार कोण, अन् त्यासाठी वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं उदाहरण. वर केबी नंबरांची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अपडेटच्या नंबरांची, 'जंत्री' दिली म्हणून टोमणा वेगळाच.

तर पहिलं आधी मिटवतो. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. मी २०१५ लिहिलं होतं, चूक माझी, पोस्टमध्ये दुरुस्त केलंय. मला चूक कबूल करायला काही वाटत नाही, ज्यांना वाटतं ते वेगळे.

आता 'टपरीछाप'. साहेब, हा शब्द लिहिताना तुमच्या डोळ्यासमोर नक्की काय होतं ते मला कळेना. टपरी म्हणजे जिथे माणूस पाच रुपये कमी घेतो अन् काम करून देतो ती जागा, असं आम्ही नाशिकवाले समजतो. हिंजवडीत एसीत बसून इमेज, म्हणजे विंडोजची तयार अख्खी कॉपी, टाकायची, मशीन बिघडलं की पुसायचं अन् परत इमेज टाकायची, तिकीट बंद करायचं, ते सोपं आहे हो, तिथे फाईल दुरुस्त करायची वेळच येत नाही. आमच्याकडे जो माणूस येतो त्याच्याकडे इमेज नसते, बॅकअप नसतो, विंडोजची डीव्हीडी साल्याने दिवाळीत नेलेली असते, अन् मशीनमध्ये सात वर्षांचा हिशोब असतो. त्याला 'फॉरमॅट मारा' म्हणून पाठवणं म्हणजे काय असतं ते एकदा समोर बसून बघा.

मी हे काम २००३ पासून करतोय. अशोक स्तंभाजवळ एका सायबर कॅफेत कामाला होतो, नाव नाही सांगत, मालक आता वेगळ्या धंद्यात आहेत. त्याच वर्षीचा ऑगस्ट महिना, सिंहस्थ चालू, गावात पाय ठेवायला जागा नाही, कॅफेत बाहेरगावच्या लोकांची ही रांग, घरी ईमेल करायचा म्हणून. अन् नेमका त्याच वेळी ब्लास्टर आला, नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस. आठवतंय का, का तेव्हा शाळेत होता? स्क्रीनवर एक खिडकी यायची, आरपीसी सर्व्हिस बंद पडली, साठ सेकंदात मशीन बंद होणार, अन् आकडे उलटे सुरू. एकोणसाठ, अठ्ठावन्न. आठ मशीन होती आमच्याकडे, मी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर उड्या मारत रनमध्ये जाऊन शटडाऊन स्पेस डॅश ए टाईप करत होतो, तेवढं टाकलं की उलटी मोजणी थांबायची. एका आजोबांचं अर्धं पत्र लिहून झालेलं, ते माझ्याकडे बघतायत, मी आकड्यांकडे. रात्री बसून एकेका मशीनचं नेट काढलं, एक्सपीचा फायरवॉल चालू केला, तेव्हा तो आपोआप चालू नसायचा, पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारी मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती, फ्लॉपीवर नेला अन् टाकला. तो पॅच १६ जुलैला आलेला होता, ब्लास्टर ११ ऑगस्टला. म्हणजे जवळजवळ महिनाभर औषध तयार होतं, कुणी घेतलंच नव्हतं, आम्हीपण नाही. त्या दिवसापासून पॅच हा विषय माझ्यासाठी टपरीवरचा राहिला नाही, साहेब.

बरं, मुद्द्यावर येतो, कारण नाहीतर म्हणाल भावनिक झाला. डिझम आधी का एसएफसी आधी.

एसएफसी करतं काय? सिस्टमच्या फाईली तपासतं, एखादी बिघडलेली दिसली की विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरमधून चांगली कॉपी आणून बसवतं. तो फोल्डर म्हणजे घरातली साठवणीची खोली. आता साठवणीतल्या धान्यालाच कीड लागली असेल तर पातेल्यात काय पडणार? म्हणून विंडोज १० वर आधी डिझमने साठवण साफ करायची, रिस्टोअरहेल्थ, ते नवीन माल नेटवरून आणतं, अन् मग एसएफसी. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे, अन् मायक्रोसॉफ्टपण तेच सांगतं. पण साहेब, पोस्ट विंडोज ७ वर होती. सात!! सेव्हनच्या डिझमला रिस्टोअरहेल्थ हा पर्यायच नाही. टाकून बघा, एरर ८७ येईल, म्हणजे असा पर्याय मला माहीत नाही असं ते डिझम स्वतः सांगतं. तो पर्याय विंडोज ८ पासून आला. सेव्हनला त्यासाठी वेगळं टूल होतं, सिस्टम अपडेट रेडिनेस, केबी ९४७८२१, जुनी माणसं त्याला चेकसर म्हणतात. पोस्टमध्ये त्यावर अख्खा एक परिच्छेद आहे. तुम्ही वाचला नाही, अन् न वाचता दुसऱ्याला टपरी म्हणालात. एवढंच बोलतो, जास्त नाही बोलत.

खरं तर दोन्हीच्या आधी मी तिसरंच सांगितलं होतं, ते तुम्ही धरलंच नाही. आधी डिस्क बघा. फाईल आपणहून बिघडत नाही. लाईट गेली, रॅम खराब झाली, नाहीतर हार्डडिस्क मरायला टेकली, बहुतेक वेळा यातलं काहीतरी असतं. मरत्या डिस्कवर एसएफसी मारत बसणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. सातपूर एमआयडीसीत एक छोटं वर्कशॉप आहे, मोजमाप घ्यायच्या मशीनला विंडोज ७ चा ३२ बिटचा डबा जोडलेला, मशीन बनवणाऱ्यांनी नवीन विंडोजसाठी सॉफ्टवेअर देणार नाही म्हणून हात वर केलेले, अन् नवीन मशीन घ्यायचं तर मालकांनी काय विकायचं? यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली. लाईट गेली, आली, अन् डबा चालू होऊन अपडेटला ८००७३७१२ एरर द्यायला लागला. मालकांचा फोन, "दादा, मशीन उभंय अन् उद्या सकाळी माल जायचाय." गेलो. कॅबिनेट उघडलं तर आत ऑईलचा चिकटा अन् त्यावर धूळ, बोटाने नाव लिहिता येईल एवढी. पहिल्यांदा डिस्क तपासणारं चेकडिस्क लावलं, स्लॅश आर सकट, तर बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले तुकडे. मग त्या डिस्कवर काहीच केलं नाही, आधी आख्खी डिस्क एसएसडीवर क्लोन केली, रात्रीचे अडीच वाजले, मालकांनी कुठूनतरी भजी आणली. मग एसएफसी. शंभर टक्के झालं अन् उत्तर तेच, खराब फाईली सापडल्या, काही दुरुस्त करता आल्या नाहीत.

इथे नव्वद टक्के लोक हात टेकतात. काही जण तेच एसएफसी परत चार वेळा मारतात, जणू पाचव्यांदा त्याला दया येईल. कोणत्या फाईली ते लॉगमध्ये लिहिलेलं असतं, विंडोजमधल्या लॉग्ज फोल्डरात सीबीएस डॉट लॉग, हजारो ओळी असतात पण फाईंडस्ट्रिंग लावून फक्त एसआर असं लिहिलेल्या ओळी काढल्या की आटोपशीर होतं. तिथे तीन नावं निघाली. दोन फाईली मी दुसऱ्या सेव्हनवरून आणल्या, तोच ३२ बिट, तोच व्हर्जन नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवून, अन् रिकव्हरीच्या काळ्या खिडकीतून जागेवर ठेवल्या. तिथे एक गंमत, रिकव्हरीत बऱ्याचदा सी ड्राइव्ह सी नसतो, डी होतो, न बघता कॉपी मारली की भलतीकडे जाते. अपडेटच्या पॅकेजच्या काही फाईली गायब होत्या त्या चेकसरच्या लॉगमधून कळल्या, विंडोजच्या टेम्पमध्ये चेकसर नावाचा फोल्डर करून त्यात सर्व्हिसिंग, त्यात पॅकेजेस, तिथे त्या फाईली ठेवल्या अन् टूल परत चालवलं, त्याने उचलल्या. सकाळी सहाला मशीन चालू. हे टपरीछाप असेल तर असू दे.

अन् एसएफसी जे बोलतं ते सगळं खरं मानायचं नसतं हेही मी लिहिलं होतं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचाच एक अपडेट आला, केबी ३०२२३४५, तो टाकला की एसएफसी दोन जेसन फाईली खराब म्हणून दाखवायचं. फाईली ठणठणीत होत्या, नंतर मायक्रोसॉफ्टनेच ते मान्य केलं. तेवढ्यासाठी लोकांनी विंडोज फॉरमॅट मारलेली मी बघितलीत, करून देणारे अ‍ॅडमिनच होते बहुतेक.

केबी नंबरांची 'जंत्री' म्हणून जो टोमणा मारलाय त्याबद्दल एकच. आज कोऱ्या मशीनवर सेव्हन टाकून अपडेटचं बटण दाबलं तर काहीच होत नाही, ते शोधतच बसतं नाहीतर एरर टाकतं, कारण २०१९ पासून अपडेटवरची डिजिटल सही शा-२ या नव्या पद्धतीची झाली अन् जुन्या सेव्हनला ती सही वाचता येत नाही. सर्व्हिस पॅक १, मग ४४९०६२८, मग ४४७४४१९, हे हाताने टाकल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. आता हे नंबर न देता कसं सांगायचं ते तुम्हीच सांगा.

राहिलं तिसरं, सुरक्षेचं. ते काय मला माहीत नाही असं वाटलं का? १४ जानेवारी २०२० ला सेव्हनचा सपोर्ट संपला, पैसे भरणाऱ्या कंपन्यांना जानेवारी २०२३ पर्यंत मिळत होते पॅच, क्रोमचं १०९ हे सेव्हनवरचं शेवटचं, हे सगळं पोस्टच्या तळाशी एका ओळीत आहे. अन् तुम्ही वॉनाक्रायचं उदाहरण दिलंय, तर मे २०१७ मध्ये सेव्हन सपोर्टमध्येच होतं, त्याचा पॅच १४ मार्चलाच आला होता, ज्यांनी टाकला नाही ते बुडाले. म्हणजे दोष सेव्हनचा नाही, पॅच न टाकण्याचा. आता तुम्ही म्हणाल की आज पॅचच येत नाही मग टाकणार काय. बरं, तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन. नेटबँकिंग मी 'करा' असं कुठेही म्हटलेलं नाही, टॅली म्हटलंय, अन् शक्य असेल तर नेटची वायर काढून ठेवा असंही म्हटलंय. लोक काढत नाहीत त्याला मी काय करू, मी कुणाच्या घरी वायर काढायला जाऊ का?

विंडोज १० पण गेलं आता, १४ ऑक्टोबर २०२५ ला. ते आलं २९ जुलै २०१५ ला, तेव्हाही इथे सिंहस्थच चालू होता, बघा. जादाचे पॅच घरगुती लोकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, अन् टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ न चालणारी धडधाकट मशीनं कॉलेज रोडच्या क्लासेसमध्ये अन् दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांच्या ऑफिसात किती पडून आहेत ते तुम्हाला हिंजवडीतून नाही दिसणार. ती सगळी भंगारात टाका म्हणणं सोपं आहे, पगार महिन्याच्या महिन्याला येत असला की.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणार पण नाही. फक्त पुढच्या वेळी नाव टाका अन् पोस्ट पूर्ण वाचा, एवढी अपेक्षा चुकीची नाही. बाकी कुणाला चेकसर कुठे मिळतं ते हवं असेल तर खाली विचारा, मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये नंबर टाकून शोधता येतं.

हां, सातपूरच्या त्या डब्यावर तीन नावं निघाली म्हटलं अन् दुरुस्त दोनच केल्या, हे कुणीतरी धरणारच. तिसरी टीसीपीमॉन डॉट आयएनआय, नेटवर्क प्रिंटरच्या पोर्टची फाईल, सेव्हनवर बऱ्याच मशीनवर एसएफसी तिच्या नावाने ओरडतं. ती मी तशीच ठेवली. अजून ओरडतंय, अन् प्रिंटर छापतोय.